जिना कोणी बघितलाच नाही

२०२४ च्या जुलैत पुण्यातल्या एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून गदारोळ झाला, लोकसेवा आयोगाने उमेदवारी रद्द केली आणि प्रकरण कोर्टात गेले. ते तिथेच राहू दे. मला बोलायचे आहे ते त्यातून पेटलेल्या आणि अजून न विझलेल्या वादाबद्दल. एक बाजू म्हणते, प्रमाणपत्रे विकत मिळतात, सवलती लाटल्या जातात, कोर्टांनी आणखी कडक व्हावे. एका ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्यांनी तर त्याच महिन्यात जाहीरपणे विचारले, की विमान कंपनी अपंग वैमानिक घेईल का, अपंग सर्जनवर तुम्ही भरवसा ठेवाल का. दुसरी बाजू म्हणते, कोर्टांना काळीजच नाही, म्हणून अपंगांच्या याचिका फेटाळल्या जातात. भांडण जोरात आहे. पण दोन्ही बाजू एकाच प्रश्नाला धरून बसल्या आहेत: हा माणूस खरा अपंग आहे का, आणि असला तर किती?

माझे म्हणणे असे, की भेदभावाच्या दाव्यात हा प्रश्न पहिला असताच कामा नये. आधी विचारायला हवे, की या माणसाने काय मागितले होते, समोरच्याने ते नाकारले का, आणि नाकारण्याचे कारण टिकते का. फेटाळलेल्या प्रकरणांचे निकाल वाचत गेले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. समोरच्याच्या वागण्यापर्यंत कोर्ट पोचतच नाही, खटला उंबरठ्यावरच संपतो. न्यायाधीश निर्दय असतात म्हणून असे होत नाही. प्रश्नांचा क्रम चुकतो म्हणून होते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझी मावशी एका खासगी अनुदानित शाळेत गणित शिकवायची. डावा पाय लहानपणी पोलिओत गेलेला, गुडघ्याखाली कॅलिपर. एकवीस वर्षे तिचा वर्ग तळमजल्यावर होता. २०१८ च्या जूनमध्ये वर्गांची फेरमांडणी झाली आणि तिची नववीची तुकडी तिसऱ्या मजल्यावर गेली. पायऱ्या ६६. मी मोजल्या आहेत, कारण पहिला आठवडाभर तिची पिशवी घेऊन मी तिच्याबरोबर वर जात होते. आधी उजवा पाय, मग कठडा धरून डावा पाय ओढून वर, बुटाचा खट् आवाज, पुन्हा उजवा. प्रत्येक वळणावर थांबायचे. वर पोचेपर्यंत तासिकेतली बारा मिनिटे गेलेली असायची. तिने मागितले ते एवढेच, की माझी तुकडी खाली आणा आणि खाली बसणारी सातवी वर न्या. एक रुपयाचा खर्च नव्हता. संस्थेने आधी तोंडी ‘बघू’ म्हटले, मग लेखी कळवले, की आपले अपंगत्व ३६ टक्के, म्हणजे ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्याने आपली विनंती विचारात घेता येत नाही.

आम्ही वकिलांकडे गेलो. सरळ, सज्जन माणूस. त्यांनी प्रमाणपत्र हातात घेतले, आकडा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “ताई, हे उभे राहणार नाही.” शाळा न्यायाधिकरणाकडे जावे तर तिथे बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती, बढतीत डावलणे असलेच विषय चालतात, वर्गखोली त्यात बसत नाही. फाइल मिटली. मावशीने २०२० मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. तिचा दावा फेटाळला गेला असे म्हणता येणार नाही, कारण तो दाखलच झाला नाही. असे न झालेले खटले कुठल्याही कोर्टाच्या आकडेवारीत येत नाहीत. कोर्टांवर रागावणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

खरे तर २०१८ मध्ये कायदा मावशीच्या बाजूने होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेला. (मी अपंग हाच शब्द वापरते; मावशी स्वतःबद्दल तोच वापरते.) या कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत आणि घोळ होतो तो त्या एकच समजल्या जातात म्हणून. ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणजे ४० टक्के किंवा अधिक. ते आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी लागते. पण ‘दिव्यांग व्यक्ती’ या साध्या व्याख्येत टक्का नाहीच. तिथे म्हटले आहे, की दीर्घकालीन दोष आणि समोरचे अडथळे यांची गाठ पडून ज्याला इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नाही, तो. अडथळा व्याख्येतच आहे! म्हणजे मावशीच्या पायाइतकाच तो जिनाही कायद्याला पाहायचा होता. भेदभावाच्या व्याख्येत वाजवी सोय नाकारणे स्पष्टपणे घातलेले आहे, आणि वाजवी सोय म्हणजे काय, तर समोरच्यावर अवाजवी भार न टाकता करता येण्याजोगा आवश्यक बदल. कलम ३(३) तर सांगते, की अपंगत्वाच्या कारणाने भेदभाव करता येणार नाही, मात्र ती कृती योग्य हेतूसाठी आणि त्या हेतूच्या प्रमाणात होती असे दाखवून दिले तर गोष्ट वेगळी. दाखवून द्यायचे कोणी? ज्याने नाकारले त्याने. आपल्याकडे मात्र ज्याला नाकारले तोच प्रमाणपत्रे गोळा करत हिंडतो.

सर्वोच्च न्यायालयाने हा फरक फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या निकालात ठणकावून सांगितला. नागरी सेवा परीक्षेचा हा उमेदवार. लिहिताना हात आखडण्याच्या विकारामुळे त्याला लेखनिक हवा होता. आयोगाने नाकारला, केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने फेटाळले, दिल्ली उच्च न्यायालयानेही फेटाळले. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की वाजवी सोय मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करू नका. त्याच निकालात २०१९ च्या स्वतःच्या एका निकालावरही न्यायालयाने बोट ठेवले. तमिळनाडूत न्यायाधीशपदासाठी ७० टक्के दृष्टिदोष असलेल्या उमेदवाराला ‘मर्यादा ५० टक्क्यांपर्यंतच’ म्हणून अपात्र ठरवले गेले होते आणि ते तेव्हा सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिले होते. तो माणूस आधीपासून सरकारी वकील म्हणून कोर्टात उभा राहत होता. कोर्टासमोर युक्तिवाद करायला चालणारे डोळे कोर्टात बसायला का चालत नव्हते, हे टक्क्यांत कुठे लिहिलेले असते? मार्च २०२५ मध्ये दृष्टिहीनांना न्यायिक सेवेतून वगळणारा मध्य प्रदेशचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. पण त्याआधी संधी गेलेल्यांची वये मागे जात नाहीत.

टक्क्यांचा हा हिशेब किती विचित्र वळण घेऊ शकतो याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. वाचेचा दोष असलेल्या एका विद्यार्थ्याला एमबीबीएसला अपंगांच्या राखीव जागेवर प्रवेश हवा होता. राखीव जागेसाठी अपंगत्व किमान ४० टक्के लागते. आणि त्या प्रकारच्या दोषासाठी वैद्यकीय शिक्षणाचे नियम सांगत होते, की ४० टक्के किंवा अधिक असेल तर तुम्ही एमबीबीएसला अपात्र. कमी भरले तर राखीव जागा नाही, पुरे भरले तर शिक्षण नाही. मुंबई उच्च न्यायालयात त्याला वेळेत दिलासा मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मंडळ नेमून त्याला प्रत्यक्ष तपासायला सांगितले. मंडळाने सांगितले, की हा मुलगा हा अभ्यासक्रम करू शकतो. ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने सूत्र घालून दिले: केवळ आकड्यावरून अपात्र ठरवू नका, हा माणूस हे शिक्षण घेऊ शकतो का ते मंडळाने पाहावे. म्हणजे तज्ज्ञांना चुकीचा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर ‘अपात्र’ आले आणि बरोबर प्रश्न विचारला तेव्हा त्याच मुलाबद्दल ‘पात्र’.

कोणी म्हणेल, हे आपल्याकडचेच दुखणे. तसे नाही. अमेरिकेत १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला आणि पहिल्या दशकातच अनुभव असा आला, की नोकरीतल्या भेदभावाचे जे प्रकाशित निकाल खालच्या कोर्टांत लागले, त्यांत ९० टक्क्यांहून अधिक मालकांच्या बाजूने गेले. १९९९ चा सटन बहिणींचा खटला बघा. दोघी जुळ्या, दोघी प्रादेशिक विमान कंपन्यांत वैमानिक. चष्म्याशिवाय दृष्टी फार कमजोर, चष्म्याने पूर्ण चांगली. मोठ्या कंपनीने नाकारले, कारण चष्म्याशिवायची दृष्टी तिच्या निकषात बसत नव्हती. त्या कोर्टात गेल्या, तर कोर्ट म्हणाले, चष्मा लावल्यावर तुम्हाला नीट दिसते, म्हणजे तुम्ही अपंग नाही, म्हणजे हा कायदा तुम्हाला लागू नाही. नोकरीसाठी जास्त अपंग आणि कायद्यासाठी पुरेशा अपंग नाहीत. ‘अपंग वैमानिक चालेल का’ असे ज्यांनी विचारले, त्यांनी हा खटला जरूर वाचावा. कंपनीची ती अट सुरक्षिततेसाठी खरोखर गरजेची होती का, हे त्या खटल्यात कधी तपासलेच गेले नाही. कदाचित होतीही. पण दाव्याचे दारच बंद झाल्यावर ते कळणार कसे? ज्याला सुरक्षिततेची खरी काळजी आहे त्यानेसुद्धा असे दावे उंबरठ्यावर मरू नयेत, असेच म्हणायला हवे.

२००८ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा दुरुस्त करताना सटन निकालाची वाट चुकीची असल्याचे स्पष्ट लिहिले, आणि या दाव्यांत मुख्य लक्ष मालकाने आपले कर्तव्य पाळले की नाही याकडे असावे, व्यक्ती अपंग आहे की नाही याच्या लांबलचक चिकित्सेकडे नव्हे, असेही नोंदवले. अठरा वर्षे आणि असंख्य फेटाळलेले दावे खर्ची घालून मिळालेला हा धडा आपल्याला आयता उपलब्ध आहे.

आता विरोधी बाजूचे जे खरे आहे ते मान्य करायला हवे. खोटी प्रमाणपत्रे आहेत. त्यांचा फटका सर्वांत आधी खऱ्या अपंगांना बसतो, कारण राखीव जागा मोजक्याच असतात आणि त्यातली एक चोरीला गेली की कोणाचे तरी आयुष्य बदलते. जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डासमोर मावशीबरोबर मी दोनदा बसले आहे. सकाळी आठला नंबर लावायचा, दुपारी दोनला आत, आणि चार मिनिटांत टक्का. इतक्या घाईत खोटे आत शिरते, तसे खरेही बाहेर राहते. म्हणून राखीव जागेवर हक्क सांगणाऱ्याची तपासणी कडक असावी, हे मला पूर्ण मान्य आहे. पण राखीव जागा वाटणे आणि भेदभावाचा न्याय करणे ही दोन वेगळी कामे आहेत. आरक्षणात मर्यादित गोष्ट वाटायची असते, तिथे पात्रता मोजावीच लागते. तळमजल्यावरचा वर्ग मागणारी बाई कोणाची जागा हिसकावत होती? खोट्या प्रमाणपत्रांच्या भीतीने तिचे दार बंद करणे म्हणजे बनावट रेशनकार्डे सापडली म्हणून गावातली विहीर बुजवण्यासारखे आहे.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार. न्यायाधीश डॉक्टर नव्हेत, अभियंते नव्हेत. तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांत त्यांनी हात घालू नये, आणि जिथे दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे तर मुळीच नाही. बरोबर आहे. प्रत्येकाला प्रत्येक काम मिळालेच पाहिजे असे कायदाही म्हणत नाही, योग्य हेतू आणि त्याच्या प्रमाणातले साधन एवढी मोकळीक कलम ३(३) नेच दिली आहे. पण तज्ज्ञांचा निकष म्हणजे नेमके काय, हे तरी विचारायचे की नाही? वैद्यकीय प्रवेशासाठी ‘दोन्ही हात शाबूत’ अशी अट होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अपंगांच्या हक्कांशी विसंगत ठरवली. त्या अटीमागे कुठला अभ्यास होता? डॉक्टर काय केवळ शस्त्रक्रियाच करतो? रोगनिदान, मनोविकार, क्ष-किरण, विकृतिशास्त्र ही कामे कोणत्या हातावर अडतात? तज्ज्ञांचा मान राखणे वेगळे आणि ‘तज्ज्ञ’ हा शब्द उच्चारताच प्रश्न विचारणे थांबवणे वेगळे. अशा फेटाळलेल्या प्रकरणांत ‘हा धोरणाचा आणि तज्ज्ञांचा विषय आहे’ हे वाक्य भेटते, पण तज्ज्ञाने या माणसाला बघून मत दिले की एका तक्त्याकडे बघून, हे त्यापुढे विचारलेले नसते.

तिसरी अडचण वेळेची, आणि ती मला सगळ्यांत जास्त छळते, कारण तिला सोपे उत्तर नाही. २०२१ च्या नीट परीक्षेत लेखनाचा दोष असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा जादा एक तास मिळाला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तिची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले, तो दूर करण्याचा मार्ग शोधा असे परीक्षा यंत्रणेला सांगितले, पण परीक्षा पुन्हा घेण्याचा आदेश दिला नाही. पंधरा लाखांहून अधिक मुलांनी ती परीक्षा दिली होती. त्यांचे प्रवेश एकीसाठी थांबवायचे का? हा प्रश्न विचारणारा न्यायाधीश निष्ठुर नसतो. पण हीच अडचण उलटी करून बघा. वर्ग सुरू झाला, परीक्षा संपली, निवृत्तीचे वय झाले, की याचिका निष्फळ. म्हणजे समोरच्याला काही सिद्ध करायचे नसते, फक्त थांबायचे असते. उपाय शेवटी शोधण्याऐवजी आधी बांधून ठेवावा लागतो: परीक्षेच्या दिवशी केंद्रावरच निर्णय देऊ शकेल असा जबाबदार अधिकारी, आणि हक्काची सोय नाकारलीच तर पैशात भरपाई. भरपाई द्यायला काही थांबवावे लागत नाही. २०१२ मध्ये विमानातून उतरवल्या गेलेल्या जीजा घोष यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये १० लाख रुपये द्यायला लावले. ते उड्डाण काही परत आले नाही, पण उतरवणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली.

सिद्ध कोणी करायचे, या प्रश्नावर मला नेहमी महाड आठवते. चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह आपल्याला शाळेत शिकवतात, पण त्यानंतर दहा वर्षे चाललेला खटला फारसा कोणी सांगत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्णांनी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला, की तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची प्रथा पूर्वापार आहे. तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. खालच्या कोर्टातून वर जात जात १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: तळे नगरपालिकेचे आहे आणि वगळण्याची ती प्रथा अनादिकाळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही. ज्यांना वगळायचे होते त्यांनी कारण सिद्ध करायचे होते, ते त्यांना जमले नाही, ते हरले. तळ्यावर आलेल्या माणसाला तहान किती लागली होती, हे मोजायला कोणी सांगितले नाही. तिथे जबाबदारी तशी पडली, कारण वगळणारेच वादी होते, हे मला माहीत आहे. पण ऐंशी वर्षांनंतर कलम ३(३) ने तीच जबाबदारी अपंगांच्या बाबतीत कायद्यातच लिहून ठेवली. मग खटला लावणारा अपंग आहे म्हणून ती पुन्हा त्याच्याच डोक्यावर का यावी?

दार उघडले तरी आत काय, हा प्रश्न उरतोच. अपंगांच्या हक्कांसाठी नेमलेल्या आयुक्तांकडे तक्रार करता येते, पण त्यांच्या हाती शिफारस असते. जुन्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले होते, की बँक कर्मचाऱ्याची निवृत्ती रोखणारा अंतरिम आदेश देणे मुख्य आयुक्तांच्या अधिकारात नाही. उच्च न्यायालयात रिट करावी तर खासगी कंपनीविरुद्ध ती सहसा टिकत नाही. सेवेत असताना अपंगत्व आले तर नोकरीवरून काढता येणार नाही, हे मोठे संरक्षण. सशस्त्र सीमा बलाच्या (तेव्हाचा स्पेशल सर्व्हिस ब्युरो) शिपाई कुणाल सिंग यांचा पाय गेल्यावर त्यांना ते २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून मिळाले, उच्च न्यायालयाने फेटाळल्यानंतर. पण आजच्या कायद्यातही ते संरक्षण सरकारी आस्थापनेपुरते आहे. खासगी कारखान्यात बोटे गमावलेल्या कामगाराला ते नाही. इथे न्यायाधीशांना दोष देण्यात अर्थ नाही, इथे विधिमंडळ आणि संसदेकडे बोट दाखवले पाहिजे.

तोपर्यंत, जो कोणी लढायचे ठरवेल त्याला मी मावशीच्या अनुभवावरून एकच सांगते. पहिला अर्ज टक्क्यांचा करू नका, अडथळ्याचा करा. किती पायऱ्या, किती मिनिटे, पर्याय कोणता, त्याला खर्च किती, आणि नाकारत असाल तर कारण लेखी द्या, हे सगळे तारीख घालून आणि पोच घेऊन. आमचा अर्ज प्रमाणपत्राच्या झेरॉक्सपासून सुरू झाला होता, ती आमची चूक. आम्हीच टक्का आधी पुढे केला.

संस्थेचे ते पत्र मावशीने जपून ठेवले आहे, निवृत्तीच्या कागदांसोबत, निळ्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. मागच्या महिन्यात या लेखासाठी मागून घेतले आणि पुन्हा वाचले. सात ओळींचे आहे. टक्केवारी दोनदा आली आहे, अधिनियमाचा उल्लेख एकदा. सातवीचा वर्ग वर का नेता येणार नाही, याबद्दल त्यात एक शब्द नाही, आणि जिना हा शब्दही नाही.